प्रिंट क्यूला दोन दारं असतात

लिनक्स सर्व्हरच्या कामाला नव्याने लागलेल्या माणसाच्या गळ्यात कधी ना कधी प्रिंटर पडतोच. माझ्या तो पहिल्याच महिन्यात पडला. टर्मिनलची भीती उरली नव्हती, परवानग्या समजत होत्या, सर्व्हिस चालू-बंद करता येत होती. प्रिंटर जोडायचा म्हणजे एक कमांड, एवढंच मला वाटलं होतं. त्या एका कमांडने माझे दोन दिवस खाल्ले आणि तिसऱ्या दिवशी जे झालं ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. टर्मिनल कसं उघडायचं, सुडो म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते आहे.

लिनक्सवर छपाईचं काम कप्स ही व्यवस्था बघते. ऑफिसातल्या एका नेटवर्क प्रिंटरसाठी सर्व्हरवर तिच्यात क्यू, म्हणजे छपाईच्या कामांची रांग, बनवायची होती. विभागाच्या जुन्या टिपणांत कुणीतरी लिहून ठेवलेली कमांड सापडली. आधी एलपीअ‍ॅडमिन, मग कॅपिटल डॅश ई, मग डॅश पी आणि क्यूचं नाव, मग डॅश व्ही आणि प्रिंटरचा पत्ता, शेवटी डॅश एम आणि ‘एव्हरीव्हेअर’. चालवली. एक अक्षरही न बोलता प्रॉम्प्ट परत आला. मला वाटलं, झालं काम.

चाचणीचं पान पाठवलं तर उत्तर आलं की हा प्रिंटर जॉब, म्हणजे छपाईचं काम, स्वीकारत नाही. शोधल्यावर कप्सअ‍ॅक्सेप्ट ही कमांड मिळाली, ती चालवली, आणि पुढचं पान बिनतक्रार गेलं. रिक्वेस्ट आयडीसुद्धा मिळाला. कागद मात्र आला नाही. पुन्हा पाठवलं. पुन्हा आयडी, पुन्हा काही नाही. मग मी केबल बदलली. प्रिंटर पिंगला उत्तर देत होता. पत्ता आयपीपी या छपाईच्या प्रोटोकॉलचा होता तो बदलून साध्या थेट जोडणीचा, म्हणजे सॉकेटचा केला, 9100 पोर्ट लावला. ड्रायव्हर बदलला. कप्स काढून पुन्हा टाकण्याइतपत मजल गेली होती, नशिबाने टाकलं नाही. दरम्यान तीन-चार सहकाऱ्यांना ‘आता पाठवून बघा’ असं सांगत राहिले. त्यांनी पाठवलं, आलं नाही म्हणून परत पाठवलं, आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावर जाऊन आपापले कागद काढून आणले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्यातले एक वरिष्ठ माझ्या टेबलाशी आले. “एलपीस्टॅट काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं. दोन दिवसांत मी ते, म्हणजे क्यूची अवस्था सांगणारी कमांड, एकदाही चालवलं नव्हतं. त्यांनीच चालवलं. क्यू डिसेबल्ड होती. त्यांनी कप्सएनेबल लिहून एंटर दाबलं आणि दोन दिवसांत साचलेलं सगळं एकामागून एक बाहेर पडायला लागलं. माझी चाचणीची पानं, लोकांची पत्रं, तीच तीच पुन्हा. त्यात एका सहकारी बाईंचा वैद्यकीय रजेचा अर्ज होता, आजाराच्या नावासकट. प्रिंटर मोकळ्या जागेत होता. मी पोचेपर्यंत तो अर्ज दोघांनी वाचला होता.

आता नेमकं काय चुकलं ते सांगते, आणि ते जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं.

एलपीअ‍ॅडमिनमध्ये कॅपिटल डॅश ई ला दोन अर्थ आहेत आणि अर्थ ठरतो तो फक्त जागेवरून. ती डॅश पी च्या आधी आली तर अर्थ होतो, ‘सर्व्हरशी बोलताना एन्क्रिप्शन वापर’. ती डॅश पी आणि क्यूच्या नावानंतर आली तर अर्थ होतो, ‘ही क्यू चालू कर आणि जॉब घ्यायला लाव’. अक्षर तेच, काम पूर्ण वेगळं. माझ्या टिपणात ती आधी होती. म्हणजे मी एन्क्रिप्शन मागितलं, ते मिळालं, आणि क्यू नव्या क्यूच्या मूळ अवस्थेत राहिली. ही मूळ अवस्था म्हणजे थांबलेली आणि जॉब नाकारणारी. कमांडच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती, मग ती तक्रार कशाची करणार? कप्सच्या बाकीच्या कमांडमध्ये, म्हणजे एलपी, एलपीस्टॅट, कप्सएनेबल यांत, डॅश ई चा अर्थ एन्क्रिप्शन एवढाच आहे. दुहेरी अर्थ एलपीअ‍ॅडमिनपुरताच, आणि म्हणूनच तो लक्षात येत नाही. क्रम पाठ करा: डॅश पी, नाव, मग डॅश ई.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. क्यूला दोन दारं असतात. पुढच्या दाराने जॉब आत येतात, मागच्या दाराने ते प्रिंटरकडे जातात. पुढचं दार कप्सअ‍ॅक्सेप्ट उघडतं आणि कप्सरिजेक्ट बंद करतं. मागचं दार कप्सएनेबल उघडतं आणि कप्सडिसेबल बंद करतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. दोन्ही बंद असतील तर चूक लगेच दिसते, कारण पाठवणाऱ्याला नकार मिळतो. पुढचं बंद आणि मागचं उघडं असेल तर आत असलेले जॉब छापून संपतात आणि नवे येत नाहीत. प्रिंटर कायमचा काढायचा असेल तेव्हा ही अवस्था मुद्दाम आणायची. खरी घातक अवस्था उरते ती म्हणजे पुढचं उघडं आणि मागचं बंद. पाठवणाऱ्याला पोचपावती मिळते, तो निर्धास्त होतो, आणि जॉब आत साचत जातात. नकाराचा संदेश वाचून मी फक्त पुढचं दार उघडलं आणि माझ्या हातानेच क्यू या अवस्थेत नेली. त्यानंतर पत्ता बदला, ड्रायव्हर बदला, काही उपयोग नव्हता, कारण त्यातल्या एकाही बदलाने मागचं दार उघडत नाही.

हे पाहायला एलपीस्टॅट डॅश ए पुढच्या दाराची अवस्था सांगतं, डॅश पी मागच्या दाराची. डॅश टी दिलं तर दोन्ही, शिवाय प्रत्येक क्यूचा पत्ता, डिफॉल्ट कोणता, रांगेत काय आहे, सगळं एकत्र येतं. काहीही हात लावण्याआधी हे चालवा. काहीही म्हणजे काहीही, केबलसुद्धा.

आणि थांबलेली क्यू सापडली की लगेच कप्सएनेबल दाबू नका. आधी आत काय आहे ते बघा, ज्यांचे जॉब आहेत त्यांना विचारा, मग कॅन्सल डॅश ए आणि क्यूचं नाव देऊन ते काढा. सोबत डॅश एक्स दिलं तर जॉबच्या फाइलीही जातात. इथे एक कडक सूचना: कॅन्सल डॅश ए पुढे नाव लिहायला विसरलात तर सर्व क्यूंमधले जॉब जातात. जॉब हवे असतील आणि शेजारी दुसरा प्रिंटर असेल तर एलपीमूव्हने ते तिकडे हलवता येतात.

हे वाचून दडपण आलं असेल तर येऊ देऊ नका. कप्स गुंतागुंतीचं वाटतं त्याला एक कारण आहे. यात दोन जुन्या युनिक्स घराण्यांच्या कमांड एकत्र नांदतात. एलपी, कॅन्सल, एलपीस्टॅट सिस्टिम फाइव्हकडून आलेल्या, एलपीआर, एलपीक्यू, एलपीआरएम बीएसडीकडून. मायकेल स्वीट यांनी 1997 मध्ये कप्सचं काम सुरू केलं तेव्हा दोन्हीकडच्या लोकांच्या सवयी सांभाळल्या. त्यामुळे एकच काम दोन नावांनी दिसतं, तुमचा गोंधळ होणं साहजिक आहे. एक घराणं निवडा आणि काही महिने त्याच्याशीच राहा. जुन्या मार्गदर्शकांत कप्स हा उपसर्ग नसलेलं नुसतं एनेबल दिसेल. टर्मिनलमध्ये आपल्या कमांड चालवणाऱ्या बॅशची स्वतःची त्याच नावाची अंगभूत कमांड आहे, त्यामुळे ते लिहिलंत तर उत्तर बॅश देईल आणि प्रिंटर जागचा हलणार नाही.

वरिष्ठांबद्दल माझं एक मत झालं आहे. तुमचा कीबोर्ड ओढून घेऊन कमांड मारून निघून जाणारा माणूस कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून शिकायला मिळत नाही. माझ्या वरिष्ठांचा प्रश्न सोन्यासारखा होता. पुढची कमांड त्यांनी माझ्याकडून करून घेतली असती, रांगेत काय आहे ते मला बघायला लावलं असतं, तर तो अर्ज बाहेर आला नसता. तुम्हाला असा कुणी भेटला तर ‘मी टाइप करते, तुम्ही सांगा’ असं म्हणायची हिंमत करा. मी केली नाही.

सोप्या वाटांबद्दलही सांगते. प्रिंटर्स डॉट कॉन्फ ही फाइल हाताने बदलू नका. सर्व्हिस चालू असताना बदललीत तर कप्स आपल्या आठवणीतलं त्यावर पुन्हा लिहून टाकतं. ‘सर्व्हिस रीस्टार्ट करून बघ’ हा सल्ला तर मला मनापासून नावडतो. थांबलेली क्यू रीस्टार्टनंतरही थांबलेलीच असते, आणि मधल्या वेळात चालू असलेल्या क्यूंचा मात्र खोळंबा होतो. कारण कळत नसेल तर कप्ससीटीएलला डीबग लॉगिंग चालू करायला सांगा, एकच पान पाठवा, एरर लॉग शेवटून वाचा आणि लॉगिंग पुन्हा बंद करा.

पत्त्याबाबत थोडक्यात. आयपीपी 631 पोर्टवर चालतं आणि प्रिंटर त्यावरून कागद संपल्याचं, टोनर संपत आल्याचं परत कळवतो. 9100 चं सॉकेट साधं आहे, पण बोलणं बहुतेक एकतर्फी. शक्य असेल तिथे आयपीपी घ्या. एव्हरीव्हेअर दिलं की क्षमतांची माहिती खुद्द प्रिंटरला विचारली जाते, म्हणून क्यू बनवताना प्रिंटर चालू आणि पोचण्याजोगा हवा. जुन्या प्रिंटरला हे जमत नाही, तिथे ड्रायव्हर लागतो. तेव्हा ‘ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत चालणार नाहीत’ असा इशारा दिसेल, त्याने घाबरू नका, क्यू बनते. प्रिंटरचा आयपी पत्ता मात्र राखीव करून घ्या. तो बदलला तर क्यू बरोबर असूनही कागद येणार नाही, किंवा भलत्याच यंत्रावर येईल.

एलपीऑप्शन्स या कमांडने मी एकदा डिफॉल्ट प्रिंटर आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना छपाई ठरवली, सवयीने पुढे सुडो लावून. ते सगळ्यांना लागू झालं. सुडो नसतं तर ते माझ्या घर-फोल्डरात, माझ्यापुरतं राहिलं असतं. उलटही होतं. सर्व्हरवर डिफॉल्ट बदलूनही एखाद्याचं जुन्याच प्रिंटरवर जात असेल तर त्याची स्वतःची नोंद आधी बघा, कारण तीच वरचढ ठरते.

डॅश ई ची जागा बरोबर असूनही महिन्याभरात मागचं दार पुन्हा बंद झालेलं दिसेल, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. प्रिंटरशी बोलताना अडचण आली की क्यू थांबवायची, हे कप्सचं मूळ धोरण आहे. कुणी रात्री प्रिंटर बंद केला तरी असं होऊ शकतं. एलपीअ‍ॅडमिनने त्या क्यूचं एरर पॉलिसी ‘रीट्राय-जॉब’ केलं की कप्स थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. साध्या कागदांच्या प्रिंटरला मी हेच लावते. पगारपत्रकं किंवा कुणाची खाजगी कागदपत्रं जिथे छापतात तिथे लावत नाही. तिथे क्यू थांबलेलीच बरी, म्हणजे माणूस समोर उभा असतानाच कागद बाहेर येतो.

त्या अर्जानंतर मी आणखी एक गोष्ट शोधली. कागद छापून झाला तरी त्याची फाइल सर्व्हरच्या स्पूल फोल्डरात राहते. मूळ सेटिंग एक दिवसाचं असतं, सेकंदांत 86400. कप्सडी डॉट कॉन्फमध्ये प्रिझर्व्ह-जॉब-फाइल्स ‘नो’ केलं की छपाई संपताच फाइल जाते. त्याच कागदाची पुन्हा छपाई मग सर्व्हरवरून करता येत नाही, तेवढी किंमत आहे. त्या दिवशी दुपारी मी ते बदललं, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, छापलेल्या कागदांच्या फाइली गेल्याची खात्री केली आणि मग त्या बाईंच्या टेबलाशी जाऊन त्यांची माफी मागितली.