मोठा मासा धरून जिवंत सोडायचा तर

मृग लागायला आठवडा होता. वडसा आणि ब्रह्मपुरीच्या मधल्या वैनगंगेत, उन्हाळ्यात उरलेल्या एका डोहावर, माझ्या गरीला रोहूची मादी लागली. पोट गाभोळीने तटतटलेलं, वजन सहा किलोच्या आसपास. वीस मिनिटं तिला खेळवलं, वाळूवर ओढून काढलं, कल्ल्यात बोटं घालून उचललं, मित्राने चार-पाच फोटो काढले. मग मी तिला सोडलं आणि ती पोहत आत गेली. चांगलं काम केल्याच्या आनंदात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच डोहाच्या कडेला, बेशरमीच्या झुडपाखाली, ती पांढरं पोट वर करून तरंगत होती. एका कुशीवरचे खवले ओरबाडलेले आणि कल्ल्यांच्या आत, जिथे माझी बोटं गेली होती तिथे, रक्त गोठलेलं. शेजारी जाळं आवरत बसलेले ढिवर समाजातले एक म्हातारे काका एवढंच म्हणाले, "बाबू, तुनं तिले सोडलं नाही. मारून पान्यात टाकलं."

तेव्हापासून त्या काकांकडून आणि इतर जाणत्यांकडून जे शिकलो, ते क्रमाने लिहितो. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मासा जगणार की नाही, हे सोडतानाच्या क्षणी ठरत नाही. ते त्याआधीच, तो पाण्याबाहेर किती वेळ आणि कसा राहिला त्यावर ठरून गेलेलं असतं.

पहिलं: कोणता मासा सोडायचा ते आधी ठरवा

आपल्याकडे मासे खाण्यासाठीच धरतात आणि त्यात गैर काही नाही. किलो-दीड किलोचा मासा खुशाल घरी न्या. सोडायची ती नदीतली मोठी, गाभोळीची मादी. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात पूर आला की वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात. ज्येष्ठात तिला कापली तर त्या वर्षीची तिची सगळी वीण आपल्या रश्श्यात जाते.

दुसरा मान मरळाचा. पावसाळ्यात तळ्याच्या काठाशी, गवताच्या मधल्या मोकळ्या जागेत, पाण्याच्या पृष्ठभागावर लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका खळबळताना दिसतो. एकदम सगळी वर येतात, एकदम खाली जातात. त्यांच्या खाली आई-बाप राखणीला असतात. पुंजक्यावर काहीही पडलं तरी ते झेप घालतात, म्हणून अशा वेळी मरळ गरीला फार सहज लागतो. तिथे गरी टाकूच नका. चुकून लागलाच तर जागच्या जागी, पिल्लांच्या जवळच सोडा. राखणदार गेला की छोट्या माशांनी आणि पाखरांनी तो पुंजका संपवायला वेळ लागत नाही.

मामा तलावांचा हिशेब वेगळा आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या या जुन्या मालगुजारी तलावांत मासेमारीचा ठेका सहसा गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. साठलेल्या पाण्यात रोहू-कटला सहसा वीत नाहीत, त्यामुळे तिथला मोठा कटला हा संस्थेने पैसे मोजून सोडलेल्या बोटुकलीचा, म्हणजे बोटभर पिल्लाचा, वाढलेला मासा असतो. तो धरणं आणि सोडणं दोन्ही त्यांना विचारूनच. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा या व्याघ्र प्रकल्पांच्या आत तर गरी घेऊन जायचंच नाही, मासा सोडणार असलात तरी.

आणि काही मासे परत सोडायचेच नसतात. बाजारात थाई मांगूर म्हणून विकला जाणारा आफ्रिकी मांगूर लागला तर त्याला पुन्हा पाणी दाखवू नका. तो आपल्या मुलखाचा नाही, समोर येईल ते खातो, आणि त्याच्या पालनावर देशात बंदी आहे. तिलापियाही परकाच. ज्याच्या कल्ल्यातून भळभळा रक्त येतंय असा मासासुद्धा सोडू नका. तो जगणार नाही, तेव्हा त्याला लगेच मारून घरी नेणं हेच बरं.

दुसरं: वेळ

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम विरघळतो, 32 अंशांच्या पाण्यात 7.3च्या आसपास. त्यात झुंजीने दमलेल्या माशाला प्राणवायू नेहमीपेक्षा जास्त लागतो. म्हणजे विदर्भाच्या मे महिन्यात, पारा 45च्या पुढे असताना, डोहात अडकलेल्या मोठ्या माशाला खेळवून सोडणं म्हणजे दम्याच्या माणसाला उन्हात पळवण्यासारखं आहे. माझी रोहू त्यातच गेली. आता मी होळीनंतर पहिला पूर ओसरेपर्यंत मोठ्या माशाच्या मागे जात नाही.

कार्तिक ते माघ हे दिवस उत्तम. शेवाळाने भरलेल्या तळ्यावर मात्र अगदी पहाटे बसू नका. पाण्यातल्या वनस्पती रात्रभर प्राणवायू वापरत राहतात, त्यामुळे तो सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात कमी असतो. ऊन थोडं चढू द्या.

तिसरं: सामान

गरीचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट करा. पहिल्यांदा मन धजत नाही, मासा सुटेल असं वाटतं. दोरी ताणलेली ठेवली तर क्वचितच सुटतो, आणि गरी मात्र दोन सेकंदांत निघते. गोल वळणाची, टोक आत वळलेली गरी मिळाली तर तीच घ्या. ती गिळली तरी बहुतेक वेळा परत सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यातच अडकते. फक्त तिला झटका द्यायचा नसतो, दोरी हळूहळू ताणत न्यायची. स्टेनलेस स्टीलची गरी नको. साधी लोखंडी बरी, कारण माशात राहिलीच तर ती गंजून झिजते.

तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, दणकट घ्या. बारीक तंगुसावर मोठा मासा अर्धा तास नाचवण्यात मर्दुमकी आहे असं काहींना वाटतं. झुंज लांबली की माशाच्या स्नायूंत आम्ल साठत जातं आणि वरून धडधाकट दिसणारा मासा काही तासांनी मरतो.

बाकी लागतं ते एवढंच: लांब नाकाची पक्कड, बादली, मऊ जाळीची मोठी हातजाळी, आणि दीड मीटरभर गुळगुळीत ताडपत्री किंवा जुनं रेक्झिन. खताचं विणलेलं पोतं वापरू नका. हाताला मऊ वाटलं तरी ओल्या माशाच्या अंगावर ते कानशीसारखं चालतं.

चौथं: काठाशी आणताना

मासा काठाजवळ आला की घाई होते, आणि सगळं तिथेच बिघडतं. वाळूवर, खडकावर ओढू नका. स्वतः गुडघाभर पाण्यात उतरा, हातजाळी आधी पाण्यात बुडवून ठेवा आणि माशाला तिच्यावर आणा. जाळी माशाच्या मागे पळवायची नसते. मासा जाळीत आला की जाळी पाण्यातच राहू द्या. तो तिथे श्वास घेतो आणि तुम्हाला पुढची तयारी करायला वेळ मिळतो. गोसीखुर्दच्या खालच्या पट्ट्यात उतरणार असाल तर धरणातून पाणी सोडणार आहेत का, हे गावात विचारूनच उतरा.

मरळ याला अपवाद. त्याला वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. जाळीत पाण्याखाली दाबून ठेवला तर मासा असूनही तो गुदमरून मरतो. त्याचं तोंड पृष्ठभागापर्यंत पोचेल एवढी मोकळीक ठेवा.

पाचवं: हात लावताना

आधी हात कोपरापर्यंत ओले करा. माशाच्या अंगावरची बुळबुळ ही त्याची कातडी राखणारी ढाल असते. कोरडा हात, कोरडं फडकं, कोरडी वाळू लागली की ती निघून येते. त्या जागी तीन-चार दिवसांत कापसासारखी पांढरी बुरशी धरते. नदीवर अशी पांढरी बोळी लागलेला मासा तुम्ही पाहिला असेल. हातमोजे घालू नका, उघडा ओला हातच बरा.

एक हात शेपटीच्या मुळाशी, जिथे अंग निमुळतं होतं तिथे. दुसरा पोटाखाली, पुढच्या परांच्या जरा मागे. मासा नेहमी आडवा. पाण्यात त्याचं वजन पाणी पेलतं, त्यामुळे पोटातल्या अवयवांना आधार देणारी मजबूत रचना त्याला लागतच नाही. आठ किलोचा कटला जबड्याला धरून उभा लटकवला की आतले अवयव खाली ओढले जातात आणि कण्यावर ताण येतो. पोट दाबूही नका, गाभोळी असेल तर मुळीच नाही.

कल्ल्यात बोटं घालू नका हे मी दोनदा लिहिलं तरी कमीच आहे. कल्ले म्हणजे आपली फुप्फुसं बाहेर काढून ठेवल्यासारखे आहेत. पाण्यात त्यांच्या बारीक लाल झालरी मोकळ्या तरंगतात. पाण्याबाहेर त्या ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात, आणि श्वास तिथेच थांबतो.

रोहू-कटल्याच्या जबड्यात दात नसतात, तिथे भीती नाही. मरळाचे दात मात्र धारदार, आणि शिंगाळ्याच्या पाठीवरचा व दोन बाजूंचा काटा करवतीसारखा. शिंगाळ्याला बाजूच्या काट्यांच्या मागून धरा.

सहावं: गरी काढणे

ही क्रिया जाळीत, पाण्यातच करा. पक्कडीने गरीचा बाक धरायचा आणि ज्या वाटेने ती आत गेली त्याच वाटेने उलटी फिरवून काढायची. घशात खोल गेली असेल तर ओढाताण नको. जमेल तितक्या आत तंगूस कापा आणि गरी तिथेच राहू द्या. ओढून काढलेल्या गरीपेक्षा आत राहिलेल्या गरीनिशी मासा जगण्याची शक्यता जास्त असते.

काठावर आणणं अगदीच भाग असेल तर ताडपत्री सावलीत पसरा, बादलीभर पाणी ओता, त्यावर मासा ठेवा आणि ओल्या हाताने त्याचे डोळे झाका. अंधार झाला की तो बराच शांत होतो.

सातवं: फोटो आणि वजन

फोटो काढणारा आधी तयार हवा, मोबाइल उघडलेला हवा. मग मासा पाण्याच्या वर वीतभर उचला, खाली पाणीच असू द्या, म्हणजे निसटला तरी आपटणार नाही. उचलताना स्वतःचा श्वास रोखा. दहा सेकंदांत मासा पुन्हा पाण्यात गेला पाहिजे. एक फोटो पुरे.

वजनासाठी काट्याला लटकवण्याची गरज नाही. पाण्यातच सुतळीने तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी आणि सगळ्यात जाड जागी अंगाचा घेर मोजा. सुतळीला गाठी मारा, सेंटिमीटर नंतर निवांत मोजता येतात. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 29,000ने भागा. किलोमध्ये अंदाज येतो. 80 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर घेराचा मासा जवळजवळ सात किलो भरतो. माशाच्या जातीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, पण गावात सांगायला एवढं पुरतं.

आठवं: सोडणे

फेकू नका. पाण्यात उतरून मासा सरळ, पोट खाली ठेवून धरा. वाहत्या नदीत त्याचं तोंड धारेकडे करा, म्हणजे पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर पडेल. खूप जण त्याला पुढे-मागे हलवतात. मागे ओढलं की पाणी कल्ल्यांतून उलटं जातं, त्याने काहीच साधत नाही. थांबलेल्या पाण्यात नुसता आधार देऊन धरा आणि वाट पाहा. मरळ असेल तर तोंड पृष्ठभागाजवळच ठेवा.

तयार झाला की नाही, हे तोच सांगतो. त्याला हलकेच कुशीवर कलवा. शुद्धीवर असलेल्या माशाचा डोळा अंगाबरोबर फिरत नाही, समतल राहायला धडपडतो. मग शेपटीला जरा चिमटीत धरा. झटका मारून सुटायला बघत असेल तर हात सैल करा. नुसताच लोंबकळत असेल तर आणखी थांबा. मला एकदा थंडीतसुद्धा दहा मिनिटं थांबावं लागलं होतं, पाय बधिर झाले होते. शेवटी शेपटीचा असा फटका बसला की तोंडावर पाणी उडालं, आणि गढूळ पाण्यात तो दिसेनासा झाला.

हाताला काटा लागला तर

शिंगी किंवा मांगूराचा काटा रुतला तर जागा धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा. पाणी 45 अंशांच्या वर नको, दुसऱ्या हाताने आधी तपासा. त्यांच्या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं आणि ठणका उतरतो. त्यानंतर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. तुकडा आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट दवाखाना गाठा.

एक काम उरतं, ते दुसऱ्या दिवशीचं. सकाळी त्याच काठावर एक चक्कर मारा. सोडल्या जागेपासून धारेच्या खालच्या बाजूने, झुडपांच्या मुळांशी, साठलेल्या काटक्यांत बघत जा. वहीत तारीख, झुंज किती मिनिटं चालली, गरी कुठे लागली होती आणि मासा किती वेळ बाहेर होता, हे लिहून ठेवा. मेलेला सापडला तर तेही लिहा. त्या चार ओळींत चूक कुठे झाली ते दिसतं. माझ्या वहीतली पहिली नोंद त्या रोहूची आहे: वीस मिनिटं, वाळू, कल्ले, पाच फोटो.