टायर बदलताना मी काय बघतो

माझ्या यामाहा आर१५ बाईकचं मागचं टायर पुणे रोडवर सरळ पळून पळून मधल्या पट्ट्यात झिजून सपाट झालं. तुळजापूरच्या घाटात गाडी वाकवताना अडखळायला लागली, तेव्हा बदललं.

दुकानदार म्हणाला, "एक साइज मोठं टाका, भारी दिसतंय की!" नको. जुन्यावरचाच आकडा घ्या, माझ्याकडं १४०/७० आर १७. रुंद टायर अरुंद रिमवर दाबलं जातं, गाडी वळायला जड होते. त्या आकड्यांनंतर शेवटी येणारं अक्षर टायर सोसेल त्या वेगाचं: एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०. कंपनीनं दिलंय त्याच्या खाली उतरू नका.

मग टायरच्या कडेवर डीओटी अशी अक्षरं असतात, त्या कोडचे शेवटचे चार आकडे, म्हणजे टायर कधी बनलं ते. २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. आपल्या उन्हात दुकानाबाहेर टांगलेलं तर मी हातच लावत नाही, रबर कडक होतं.

बसवताना टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला. पहिले दीडशे किलोमीटर सबुरीनं, नवं टायर घसरतं.