गच्चीवरून गुरूचे चार चंद्र कसे बघायचे

ठाण्यातून आकाशात काही दिसत नाही असं सगळेच म्हणतात, पण गुरू इतका तेजस्वी असतो की घोडबंदर रोडच्या एवढ्या लाइट्समध्येही तो दिसतोच. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्या, ढगच असतात.

आधी गुरू शोधा. स्टेलेरियम अ‍ॅप टाकून मोबाइल आकाशाकडे धरला की नाव कळतं. संध्याकाळी पश्चिमेला त्याच्याहून जास्त चमकणारं काही दिसलं तर तो शुक्र, आमच्या बिल्डिंगमधली मुलं दरवेळी तिथेच फसतात.

मग बायनॉक्युलर, १०×५० मस्त, म्हणजे दहापट मोठं दिसतं आणि पुढची भिंग ५० मिलिमीटरची. बायनॉक्युलर सूर्य पूर्ण मावळल्यावरच बाहेर काढा, त्यातून चुकून सूर्य बघितला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. खरा त्रास हात हलण्याचा, म्हणून खुर्चीत मागे रेलून बसा आणि कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवा, मग गुरूची छोटीशी गोल चकती आणि बाजूला एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. कधी चार, कधी तीनच, कारण एखादा गुरूच्या पुढे किंवा मागे गेलेला असतो.

आता वही घ्या, हे मात्र टाळू नका. रोज एकाच वेळी, समजा रात्री ९ ला, मधे गोल आणि बाजूला ठिपके काढायचे, तारीख टाकायची. या चार चंद्रांपैकी आयो साधारण ४२ तासांत गुरूभोवती एक फेरी मारतो, म्हणून आज एका बाजूला लांब असेल तर उद्या त्याच वेळी दुसऱ्या बाजूला सापडतो, कॅलिस्टोला मात्र जवळजवळ १७ दिवस लागतात. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओनेही असंच रोज टिपून ठेवलं, आधी त्याला ते तारेच वाटले होते, पण ते गुरूला सोडून जाईनात, नुसत्या जागा बदलत राहिले, आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरत नाही हे त्यातून दिसलं.

आठवड्याने अ‍ॅपशी ताडून प्रत्येक ठिपक्याला नाव द्या. गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा, म्हणजे बुध ग्रहापेक्षाही मोठा! आयोला गुरू आणि शेजारचे चंद्र सतत ओढत असतात, त्यामुळे तो आतून तापतो आणि त्याच्यावर शेकडो ज्वालामुखी आहेत. युरोपावर बर्फ आणि बहुतेक त्याखाली खारा समुद्र, ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये तिकडे पोचायचंय, तोपर्यंत तुमच्या वहीतही तो ठिपका येऊ दे.