ईडीएफ जेट बांधताना: आधी हवेची वाट, मग विमान

इलेक्ट्रिक डक्टेड फॅन, ज्याला रिमोटवर उडवायच्या मॉडेल विमानांच्या छंदातले सगळेच ‘ईडीएफ’ म्हणतात, हे जेट इंजिन नव्हे; नळीत बसवलेला आणि विजेच्या मोटरवर मिनिटाला 30,000 हून अधिक फेरे घेणारा तो एक बहुपाती पंखा आहे. उघड्या प्रोपेलरला चोहोबाजूंनी हवा मिळते, त्यामुळे विमानाचा सांगाडा थोडा ओबडधोबड झाला तरी तो निभावून नेतो. पंख्याला मात्र आपण ठेवू त्याच वाटेने हवा ओढावी लागते आणि आपण ठेवू त्याच तोंडातून ती बाहेर फेकावी लागते. नवे हौशी कारागीर बहुधा महागडा पंखा आणि मोठी बॅटरी आधी घेतात, सुंदर फ्यूजलाज (विमानाचे धड) बांधतात आणि हवेची वाट उरलेल्या जागेत कशीबशी बसवतात. माझेही पहिले जेट असेच झाले होते: टेबलावर 2 किलो थ्रस्ट, म्हणजे पुढे रेटणारा जोर, देणारा पंखा विमानात बसवल्यावर जेमतेम 1.2 किलो देत होता, आणि दोष पंख्यात नव्हता. म्हणून येथे सर्व आकडे हवेच्या वाटेपासून सुरू केले आहेत.

पहिले विमान कोणते निवडावे, यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातल्या अनेकांचे मन मिग-21 कडे धावते, कारण ही विमाने नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार होत असत, आणि सप्टेंबर 2025 मध्ये ती वायुदलातून निवृत्त झाल्यापासून ही ओढ वाढलीच आहे. परंतु पहिल्या मॉडेलसाठी मिग-21 घेऊ नये. त्याला नाकावर एकच तोंड आहे, त्या तोंडाचा बराच भाग मधल्या शंकूने व्यापलेला आहे, तेथून पंख्यापर्यंतची नळी फार लांब आहे, आणि बॅटरीचे वजन जेथे हवे नेमक्या त्याच जागेतून ही नळी जाते. त्यात त्रिकोणी पंख लहान असल्यामुळे उतरतानाचा वेगही जास्त राहतो. त्याऐवजी वायुदलाचे सूर्यकिरण पथक ज्यावर कवायती करते ते हॉक विमान घ्यावे. त्याची दोन तोंडे कॉकपिटच्या मागे दोन्ही बाजूंना आहेत, नळी आखूड आहे, नाक बॅटरीसाठी मोकळे राहते आणि पंख सौम्य कललेले व पुरेसे रुंद आहेत. पुढचे सर्व आकडे 1.05 मीटर पंखविस्ताराच्या, सुमारे 18 चौरस डेसिमीटर पंखक्षेत्राच्या आणि उड्डाणाला तयार स्थितीत 1.7 किलो वजनाच्या हॉकसाठी आहेत.

अशा विमानाला 70 मिमी व्यासाचा, 12 पात्यांचा पंखा योग्य ठरतो. पाती कमी असलेले जुने पंखेही चांगला थ्रस्ट देतात, परंतु त्यांचा आवाज कर्कश असतो. 12 पात्यांचा आवाज खऱ्या जेटच्या जवळ जातो. पंखा घेताना पाती आणि कवच यांच्यातली फट पाहावी. ती अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि सगळीकडे सारखी असावी. साधा कागद पात्याच्या टोकाशी फिरवून पाहिला की कवच कोठे दबले आहे ते कळते.

आता हवेचे गणित. 70 मिमी नळीच्या मध्ये मोटरचा भाग साधारण 32 मिमी जागा घेतो. मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून लहान वर्तुळाचे वजा केले तर सुमारे 30 चौरस सेंमी उरतात, आणि पंख्याची पाती प्रत्यक्षात एवढीच जागा झाडतात. विमानाचा सगळा हवामार्ग या एका आकड्याशी जुळवायचा असतो. आत येणारे तोंड या क्षेत्राच्या 100 ते 110 टक्के, म्हणजे 30 ते 33 चौरस सेंमी असावे. हॉकला दोन तोंडे असल्यामुळे प्रत्येकी साधारण 4 बाय 4 सेंमी. बाहेर जाणारे तोंड 85 ते 95 टक्के ठेवतात. 90 टक्के धरल्यास 27 चौरस सेंमी, म्हणजे 59 मिमी व्यास येतो. हे तोंड जितके अरुंद, तितका झोत वेगवान होतो आणि विमानाचा सर्वोच्च वेग वाढतो, पण उभ्या विमानाचा थ्रस्ट घटतो व मोटरवरचा ताण बदलतो. तोंड रुंद ठेवले तर धावपट्टीवर जोर मिळतो, मात्र हवेत विमान लवकर दमते. 2 किलो थ्रस्टच्या वेळी 59 मिमीच्या तोंडातून झोत सेकंदाला सुमारे 75 मीटर, म्हणजे ताशी 270 किमी वेगाने निघतो. विमानाचा वेग झोताच्या वेगाजवळ जाऊ लागला की थ्रस्ट संपत येतो, हे लक्षात घेतले म्हणजे केवळ टेबलावरचा थ्रस्ट पाहून पंख्याची पारख का करू नये हे उमगते.

स्केलप्रमाणे काढलेली तोंडे बहुतेक वेळा हिशेबापेक्षा लहान भरतात. अशा वेळी पोटाखाली, पंख्याच्या पुढे, उरलेल्या क्षेत्राएवढे ‘चीटर होल’ कापावे. ते दिसायला विशोभित वाटत असले तरी जमिनीवरून उठताना, जेव्हा पंख्याला समोरून ढकललेली हवा मिळत नाही, तेव्हा विमान त्याच भोकातून श्वास घेते. हे भोक गवताच्या जवळ येते, म्हणून त्यावर जाळी लावण्याचा मोह होतो. पण बारीक जाळी हवा अडवते आणि जाळीचा सुटलेला तुकडा पंख्यात गेला तर पाती उडतात. त्यापेक्षा उडवण्याची जागा झाडून घ्यावी.

तोंडाच्या कडांवर जितके कष्ट घ्याल तितके थोडे. धारदार कडेवरून हवा वळू शकत नाही. ती सुटते, आत भोवरे होतात आणि पात्यांच्या बाहेरच्या भागाला, जेथे खरे काम होते, तेथे गढूळ हवा पोहोचते. कडेला किमान 5 ते 6 मिमी त्रिज्येची गोलाई हवी. डेप्रॉन या हलक्या फोमच्या 10 मिमी पट्ट्या तोंडाभोवती चिकटवून, आधी खरखरीत आणि मग बारीक पॉलिश पेपरने गोल घासाव्यात. माझ्या त्या पहिल्या जेटचा हरवलेला थ्रस्ट मुख्यतः या कडांनीच परत आणला. दोन्ही बाजूंच्या नळ्या पंख्यापुढे एकत्र येतात तेथे मधली भिंत चाकूच्या पात्यासारखी निमुळती करावी आणि नळीचा आकार चौकोनातून वर्तुळात सावकाश बदलावा. एकदम वळण किंवा एकदम रुंदी आली की हवा भिंत सोडते. आतले सांधे, गोंदाचे ओघळ, सर्वोची (विमानाचे पडदे हलवणाऱ्या छोट्या मोटरची) वायर यांपैकी काहीही हवेच्या वाटेत नसावे. वायर न्यावीच लागली तर ती भिंतीला चिकटवून वर टेप लावावी.

मागची नळी सर्वांत सोपी. ओव्हरहेड प्रोजेक्टरची पारदर्शक फिल्म किंवा धुतलेली जुनी एक्स-रे फिल्म यासाठी उत्तम. ती हलकी असते आणि आतून गुळगुळीत असते. नळी 300 मिमी लांब धरल्यास पंख्याकडची कडा 220 मिमी आणि बाहेरची 185 मिमी येते, दोन्हींत जोडासाठी 10 मिमी अधिक घ्यावे. कडा सरळ न कापता अगदी किंचित कमानदार कापाव्यात, नाहीतर गुंडाळल्यावर तोंड तिरके होते. आधी कागदाचा नमुना करून बसवून पाहावा, मग फिल्म कापावी.

बांधणीसाठी 5 किंवा 6 मिमी डेप्रॉन किंवा फोम बोर्ड वापरता येतो. दुकानाच्या पाट्यांसाठी मिळणारा सनबोर्ड मजबूत असला तरी जेटसाठी फार जड पडतो, तो फक्त मोटरजवळच्या लहान तुकड्यांपुरता ठेवावा. साधे फेविक्विक थर्माकोल आणि डेप्रॉनला खाते. त्याऐवजी फोमसाठीचा गोंद वापरावा आणि पंख्याचे बैठक-ठोकळे, पंखांची कार्बन नळी व चाकांचे आधार इपॉक्सीने जोडावेत. पंखा कायमचा चिकटवू नये. पोटाखाली झाकण ठेवून चार स्क्रूंनी बसवावा, कारण तो पुन्हा बाहेर काढावा लागणार आहेच.

विजेच्या बाजूला पहिला निर्णय सेलच्या संख्येचा. या पंख्याला पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे मोटर पूर्ण जोरात चालवताना, सुमारे 1300 वॅट लागतात. 4 सेलच्या लायपोवर (लिथियम-पॉलिमर बॅटरीवर) हा भार 90 अँपिअरच्या वर जातो, 6 सेलवर तो साधारण 62 अँपिअर राहतो. तारांमधली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे 4 सेलवर ती दुपटीहून अधिक होते. बॅटरी थोडी महाग पडली तरी 6 सेलच घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटर 2000 केव्हीच्या (बिनभाराने एका व्होल्टमागे मिनिटाला इतके फेरे) आसपासची, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक) 80 अँपिअरचा, बॅटरी 4000 एमएएचची आणि कनेक्टर एक्सटी-90. 62 अँपिअर म्हणजे या बॅटरीसाठी साधारण 15 सी, म्हणजेच तिच्या क्षमतेच्या 15 पट प्रवाह. वेष्टनावरचे सी आकडे बरेचदा फुगवलेले असतात, म्हणून 35 सी किंवा त्याहून वरचीच घ्यावी.

हॉकमध्ये बॅटरी नाकात आणि पंखा मागे, त्यामुळे कोणती तरी तार वाढवावीच लागते. येथे अनेक ईएससी जळतात. मोटरकडच्या तीन तारा वाढवणे तुलनेने निर्धोक असते. बॅटरीकडच्या तारा लांबवल्या तर ईएससीच्या आत व्होल्टेजचे झटके बसतात आणि त्यातले कपॅसिटर तापून फुटू शकतात. बॅटरीकडची तार वाढवल्यावाचून गत्यंतर नसेल तर प्रत्येक वाढीव 10 सेंमीमागे 220 मायक्रोफॅरडचा, कमी रोधाचा, 35 व्होल्ट किंवा त्याहून वरचा कपॅसिटर ईएससीच्या शक्य तितक्या जवळ, ध्रुव तपासून, डाख देऊन जोडावा. ईएससीची थंड करणारी पट्टी हवेच्या वाटेत उघडी ठेवावी. सर्वो व रिसीव्हरसाठी वेगळा स्विचिंग बीईसी (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून देणारा छोटा पुरवठा) वापरला तर मोठा भार येऊनही विमानावरचा ताबा जात नाही.

उडवण्याआधी टेबलावरची चाचणी दोनदा करायची असते, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत शिकवणारा भाग हाच आहे. प्रथम नुसता पंखा एका सरकत्या पाटावर बांधून तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर रेटेल अशी रचना करावी. पंख्याच्या तोंडाला एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम उभा चिरून गोल कडा द्यावी, आणि वॉटमीटर बॅटरी व ईएससी यांच्या मध्ये जोडावा. पंख्याच्या पात्यांच्या पातळीत कोणीही उभे राहू नये. पात्यांची टोके ताशी 450 किमीच्या आसपास फिरतात, म्हणून डोळ्यांवर गॉगल हवा आणि मुलांना खोलीबाहेर ठेवावे. दहा सेकंदांपेक्षा जास्त पूर्ण थ्रॉटल देऊ नये. थ्रस्ट, अँपिअर आणि व्होल्ट लिहून ठेवावेत. मग तोच पंखा विमानात बसवून पुन्हा मोजावे. 15 ते 20 टक्के घट स्वाभाविक समजावी. घट 30 टक्क्यांच्या पुढे गेली तर पंखा बदलू नये, हवामार्ग बदलावा. चीटर होल उघडल्यावर थ्रस्ट वाढला तर पुढचे तोंड लहान आहे. मागची नळी काढल्यावर तो वाढला तर बाहेरचे तोंड फार अरुंद झाले आहे. दोन्हींनी फरक पडला नाही तर कडा आणि आतले सांधे बोटांनी चाचपावेत.

कंप हा वेगळा विषय आहे. पंखा हातात धरून अर्ध्या थ्रॉटलवर चालवू नये. पाटावर बांधूनच हलका स्पर्श करून पाहावा. गुणगुण एकसुरी नसेल तर रोटरच्या आतल्या कडेला टेपचा बारीक तुकडा एकेका जागी लावून पाहावा आणि आवाज जेथे शांत होईल तेथे तो इपॉक्सीच्या थेंबाने कायम करावा. रोटरच्या स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लावण्यास विसरू नये.

पुण्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर, एप्रिलच्या दुपारी हवा इतकी विरळ असते की त्याच फेऱ्यांवर थ्रस्ट एक दशांशाहून अधिक घटतो आणि उतरतानाचा वेगही वाढतो. टेबलावरचे आकडे थंडीतल्या सकाळचे असतील तर उन्हाळ्यात त्यांवर विसंबू नये. हॉकसाठी विमानात बसवलेला थ्रस्ट वजनाच्या 90 टक्क्यांहून वर असला तर बारीक गवतावरूनही ते उठते, डांबरी पट्टी असेल तर 70 टक्क्यांवर भागते. जागा ठरवताना ड्रोन नियम 2021 नुसार डिजिटल स्काय नकाशावरील लाल, पिवळे व हिरवे क्षेत्र पाहणे आवश्यक आहे; पुणे, मुंबई आणि नाशिक परिसरात विमानतळ व लष्करी तळ असल्यामुळे मोकळे दिसणारे मैदानही लाल क्षेत्रात असू शकते.

गुरुत्वमध्य पहिल्या उड्डाणाला सरासरी पंखरुंदीच्या 25 टक्क्यांवर, म्हणजे या विमानात सरासरी रुंदीच्या पुढच्या कडेपासून 43 मिमी मागे ठेवावा, आणि तो बॅटरी सरकवून साधावा, शिसे घालून नव्हे. धावताना एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटावरचा पडदा) सुरुवातीला काहीच दाद देत नाही, कारण शेपटावर प्रोपेलरचा वारा येत नाही. वेग येईपर्यंत रिमोटची स्टिक खेचून ठेवू नये. पंख्याला फेरे चढायला क्षणभर वेळ लागतो, म्हणून उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद न करता 30 ते 40 टक्क्यांवर ठेवावा. हे विमान ताशी 45 किमीच्या आसपास स्टॉल होते, म्हणजे पंख ते उचलून धरू शकत नाहीत, त्यामुळे ते ताशी 60 किमीच्या खाली येऊ न देता सरळ, लांब उतारावरून आणावे. खाली आणि मंद झालेल्या जेटला ऐनवेळी थ्रॉटल देऊन वाचवता येत नाही.

पहिल्या उड्डाणाचा टायमर 4 मिनिटांवर लावावा. बॅटरी काढल्यावर हाताला चटका बसत असेल तर ती कमकुवत आहे किंवा भार जास्त आहे. पूर्ण गार झाल्यावर, कोणीतरी जवळ असतानाच, 1 सीने चार्ज करावी आणि चार्जरने किती एमएएच भरले ते वहीत लिहावे. 4 मिनिटांच्या उड्डाणानंतर 2800 भरले असतील तर 4000 च्या बॅटरीवर अर्धा मिनिट वाढवता येतो, कारण तेव्हाही खर्च 3150 च्या आसपास, म्हणजे 80 टक्क्यांच्या आत राहतो; 3200 हून अधिक भरले असतील तर टायमर तेवढाच कमी करावा, आणि लगेच उडवायचे नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणून बॅटरी थंड जागी ठेवावी.