घरी गाडी धुताना: शाम्पू, कापड आणि पाणी

उन्हात गाडी उभी केली की बॉनेटवर गोल गोल बारीक ओरखडे चमकतात. ते रस्त्यावर पडलेले नसतात, पार्किंगमध्ये पुसताना पडलेले असतात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, माणसाच्या केसाहूनही पातळ. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकली की धुळीतले कण त्या थरावर घासले जातात. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर आधी चांगल्या कापडावर करा, शाम्पूचा नंबर त्यानंतर. आणि आठवड्याला एकदा नीट धुणं हे रोजच्या कोरड्या पुसण्यापेक्षा कितीतरी बरं.

शाम्पू घेताना बाटलीवर 'पीएच न्यूट्रल', म्हणजे ना आम्ल ना अल्कली, असं लिहिलेलं पाहा. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा काढण्यासाठीच बनवलेलं असतं. ते गाडीवरचं वॅक्सही, म्हणजे रंगावरचा मेणाचा संरक्षक थरही, काढून नेतं, आणि पावडरीचे न विरघळलेले कण वर ओरखडे पाडतात. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, बहुतेकदा १० लिटर पाण्याला २० ते ३० मिली. जास्त ओतल्याने गाडी जास्त स्वच्छ होत नाही, फक्त साबण निघायला जास्त पाणी लागतं आणि पट्टे राहतात.

कापडं तीन प्रकारची ठेवा. धुवायला लांब धाग्यांचा मायक्रोफायबर हातमोजा, कारण त्या धाग्यांत कण आत ओढले जातात. स्पंजच्या सपाट तोंडावर तेच कण अडकून रंगावर फिरत राहतात. कोरडं करायला ६०० ते ८०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन, जास्त म्हणजे जाड) मोठा टॉवेल. आतल्या भागासाठी आणि काचांसाठी ३०० ते ४०० जीएसएमची दोन-तीन कापडं. जुने शर्ट आणि बनियन नकोत, त्यांच्या शिवणी रंगाला लागतात. चाकांचं कापड वेगळंच, आणि ते चुकूनही बॉनेटवर जाता कामा नये, कारण ब्रेकच्या घासण्यातून निघणारी काळी भुकटी त्यात बसलेली असते.

गाडी सावलीत लावा आणि बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थांबा, नाहीतर शाम्पू पुसण्याआधीच वाळतो. सुरुवात चाकांपासून करा, म्हणजे त्यांचे शिंतोडे धुतलेल्या अंगावर उडणार नाहीत. अलॉय व्हीलवर आम्लयुक्त क्लीनर नको, त्यावरचा लेप जातो. बहुतेक वेळा शाम्पूचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो.

मग पूर्ण गाडीवर नुसतं पाणी सोडा. पाइप नसेल तर मगाने टपापासून खाली, दोन मिनिटं थांबा, पुन्हा एकदा. पावसाळ्यात दाराखाली आणि मडगार्डच्या कडेला चिखल वाळलेला असतो. तो भिजून आपोआप सुटेपर्यंत हात लावू नका. आता दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच परत शाम्पूत. क्रम टप, काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांखालची पट्टी, कारण सर्वांत जास्त घाण तिथे असते. हात सरळ रेषेत फिरवा, गोल नको. दाबायचं तर अजिबात नाही.

खरा घात पाण्यातच असतो. अनेक सोसायट्यांत बोअरचं जड पाणी येतं. ते गाडीवर वाळलं की त्यातले क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. घरच्या आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी अनेक जण काटकसर म्हणून गाडीला वापरतात, पण फिल्टरने बाहेर टाकलेले क्षार त्याच पाण्यात साठलेले असतात. ते फरशीला किंवा संडासात वापरा. उलट एसीच्या पाइपातून टपकणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, ते बादलीत साठवून शेवटच्या धुण्याला वापरता येतं. पाणी कोणतंही असो, गाडी उन्हात वाळू देऊ नका. टॉवेल पसरून हलक्या हाताने ओढून घ्या. ठिपके पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन कापडाने मिनिटभर लावा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. तरीही ठिपका गेला नाही तर तो रंगात उतरलाय, तिथे फक्त पॉलिश उपयोगी पडतं.

इथे दुकानात गोंधळ होतो. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड क्लिअर कोट घासून पातळ करतात, वॅक्स त्यावर संरक्षक थर देतं. टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणतात, तेही घासणंच आहे. दर महिन्याला लावायचं असेल तर ते वॅक्सच असलं पाहिजे. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी एकदा नक्की लावा. कापडावर बोटाच्या पेराएवढं घ्या, एका वेळी एकच भाग, पातळ थर, धुरकट झालं की स्वच्छ कापडाने काढा. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, तिथे पांढरे डाग बसतात. मॅट रंगाच्या गाडीला वॅक्स नको.

पक्ष्यांची विष्ठा मात्र धुण्याच्या दिवसापर्यंत ठेवू नका, उन्हात ती काही तासांत रंगाला डाग पाडू शकते. ओलं कापड पाच मिनिटं त्यावर ठेवा आणि उचलून घ्या. घासू नका.

आतल्या डॅशबोर्डला चकचकीत सिलिकॉन स्प्रे टाळा. त्याची चमक समोरच्या काचेत दिसते आणि रात्री त्रास देते. मॅट प्रकारचा घ्या, कापडावर मारा, थेट बटणांवर किंवा स्क्रीनवर नाही. स्टिअरिंग, पेडल आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना कुठलंच चमकवणारं द्रव्य लावू नका, हात-पाय घसरतात आणि टायरची पकड जाते. काचेवर फिल्म असेल तर अमोनिया नसलेला क्लीनर वापरा. बाहेरून आडवं आणि आतून उभं पुसलं की राहिलेला पट्टा कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं.

सगळं झालं की थोडं अंतर हळू चालवून दोन-तीनदा ब्रेक दाबा, डिस्क कोरड्या होतात. कापडं इतर कपड्यांसोबत टाकू नका. लिक्विड डिटर्जंटमध्ये वेगळी धुवा, फॅब्रिक कंडिशनर न घालता, कारण तो धागे बुजवतो आणि कापड पाणी शोषायचं थांबतं. जमिनीवर पडलेलं कापड मात्र त्या दिवशी परत गाडीला लावू नका.