मॉडेल नंतर, आधी निर्णय

संस्थेत डेटा सायन्स आणायचं ठरलं की पहिली धाव सॉफ्टवेअर आणि नोकरभरतीकडे जाते. त्याआधी वारंवार घ्यावा लागणारा एकच निर्णय निवडा: कोणता माल किती मागवायचा, कोणत्या ग्राहकाला आधी फोन करायचा. तो आज कोण घेतं आणि कितीदा चुकतो, हे लिहून ठेवा. पुढे मॉडेलची, म्हणजे जुन्या डेटावरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामची, तुलना याच आकड्याशी करायची आहे. डेटाचे प्रकल्प टप्प्याटप्प्याने करायच्या क्रिस्प-डीएम या जुन्या पद्धतीच्या ६ टप्प्यांतही पहिला टप्पा व्यवसाय समजून घेण्याचाच आहे. मग ‘सक्रिय ग्राहक’ म्हणजे कोण, हे विक्री आणि हिशेब विभागाला वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळली नाहीत (बहुतेक वेळा जुळत नाहीत), तर मॉडेल थांबवा आणि आधी व्याख्या एक करून घ्या, त्यात महिना गेला तरी चालेल.