खारपाणपट्ट्यातलं वावर पाहायचं कसं

माझं माहेर चांदूर बाजारकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. तिथे संत्र्याचे मळे, विहिरींना गोड पाणी. पाऊस उघडला की एक-दोन दिवसांत वावरात पाय टाकता येतो. सासर दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. अंतर फार नाही, पण जमीन पार वेगळी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी सासरच्या वावरातल्या एका भेगेत पऱ्हाटीची काडी उभी सोडली, तर ती अख्खी आत गेली. एवढ्या भेगा म्हणजे कितीही पाणी द्या, ही जमीन पिऊन टाकणार, असं मला वाटलं. मामंजींना तसं बोललेही. ते म्हणाले, "सूनबाई, वावर उन्हाळ्यात पाहू नोको. श्रावणात पाह्य."

कुणी अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, वावर मक्त्यानं घ्यायला किंवा विकत घ्यायला निघालं, की मी हेच सांगते. आमच्याकडे पाऊस बेताचा, तोही लहरी. त्यामुळे जो तो पाणी आणायच्या मागे असतो. पण पडलेलं पाणी मुळांपर्यंत उतरतं का आणि जास्तीचं बाहेर निघतं का, हे आधी पाहावं लागतं. कोरड्या मुलखातली ही जमीन पाणी कोंडल्यानं जेवढी मारते, तेवढी पाणी नसल्यानं मारत नाही.

असं का होतं ते थोडक्यात सांगते. ही गाळाची भारी काळी माती. निम्मी किंवा त्याहून जास्त चिकण. भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून सरळ खाली जातं, पण माती फुगून भेगा मिटल्या की झाकण बसल्यासारखं होतं. त्यात आमच्या मातीत खालच्या थरांत सोडियम जास्त आहे. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते सुटे होऊन बारीक छिद्रांत बसतात आणि वाट बुजवतात. उतार जवळजवळ नाही, आणि क्षार धुऊन खाली नेण्याइतका पाऊसही नाही.

आता पाहणीबद्दल.

चांगला पाऊस होऊन गेल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वावरात जा. धुऱ्यावर उभं राहून पाहू नका, आडवं-तिडवं चाला. पाणी कुठे साचलंय ते बघा, आणि त्याचा रंगही बघा. निचऱ्याच्या जमिनीतलं डबकं दोन दिवसांत निवळतं. आमच्याकडचं गढूळच राहतं, दुधाच्या चहासारखं, कारण सुटलेले कण खाली बसतच नाहीत. डबकं वाळल्यावर वर गुळगुळीत पापुद्रा येतो आणि कडेनं तो वर वळतो. कोवळ्या मुगाला तो पापुद्रा फोडून वर येता येत नाही. गवतंही सांगतात. कुंदा माजला असेल तर जमीन खोल भारी काळी आहे, आणि लव्हाळा एकाच पट्ट्यात दाट असेल तर तिथे पाणी साचतं आणि थांबतं. विजेचे खांब वाकलेत का आणि गावातल्या भिंतींना तिरप्या भेगा आहेत का, तेही पाहून ठेवा. फुगणारी माती घरालाही सोडत नाही.

उभं पीक असेल तर मालकाला विचारून एक तुरीचं झाड मुळासकट उपटा. तुरीचं सोटमूळ सरळ खाली जायला हवं. ते फूट-दीड फुटावर एकदम आडवं वळलं असेल, तर तिथून खाली त्याला वाट मिळाली नाही. मला कागदावरच्या आकड्यांपेक्षा हे मूळ जास्त खरं वाटतं.

मग खड्डा. चार फूट खोल घ्या, त्याहून कमी खोदून उपयोग नाही. वरचा फूटभर भाग सगळीकडे सारखाच चांगला दिसतो. दोन-तीन फुटांवरचं एक ढेकूळ हातानं फोडा, फावड्यानं नको. आमच्या वावरातलं असं ढेकूळ मी कितीदा तरी पाहिलं आहे. ते गोल फुटत नाही, तिरपं पाचरीसारखं फुटतं. फुटलेली बाजू चकचकीत असते, सारवलेल्या भिंतीवरून ओला हात फिरवावा तशी, आणि तिच्यावर बारीक समांतर रेघा असतात. खालची माती फुगताना मातीवर माती घासली जाते, त्याच्या त्या खुणा. सोबत चुनखडीचे खडे सापडतात, हरभऱ्यापासून सुपारीएवढे. शेतकरी म्हणतात, चुना आहे म्हणजे जमीन कसदार. चुन्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण इथे ते खड्यांत अडकून पडलंय. सोडियमला हटवायला ते मोकळं मिळत नाही.

याच खड्ड्यातून ग्लासाची परीक्षा करता येते. तिला एक पैसा लागत नाही. एक फूट, दोन फूट आणि तीन फुटांवरून हरभऱ्याएवढे खडे घ्या आणि सावलीत वाळवा. तीन काचेच्या ग्लासांत पावसाचं पाणी भरा. प्रत्येकात एक खडा अलगद सोडा, ढवळू नका आणि ग्लास हलवू नका. खडा विरघळून तळाला नुसती रास झाली आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर फार काळजी नाही. खड्याभोवती दुधाळ वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशी अख्खा ग्लास गढूळ दिसला, तर ते सोडियमचं काम. माझ्याकडे फुटावरचा ग्लास जवळपास नितळ होता आणि तीन फुटांवरचा पार ढगाळ. पाणी मात्र पावसाचंच हवं, नाहीतर डिस्टिल्ड. मी पहिल्यांदा बोअरचं घेतलं, तिन्ही ग्लास नितळ राहिले आणि मी खूश झाले. खारं पाणी कणांना एकत्र धरून ठेवतं, त्यामुळे खोड लपते. पुढे पावसाचं गोड पाणी पडलं की ती उघडी पडते.

पाणी मुरायचा वेग मोजायचा असेल तर फूट-दीड फूट खोल भोक घ्या, आदल्या दिवशी ते काठोकाठ भरून माती फुगू द्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून काडीनं मोजा. तासाला अर्धा सेंटिमीटरही उतरत नसेल तर निचरा वाईट समजा. मे महिन्यात, भेगा उघड्या असताना केलेलं हे मोजमाप साफ फसवतं.

प्रयोगशाळेत नमुना देताना एक, दोन आणि तीन फुटांचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत द्या. नेहमीचा नमुना वरच्या वीतभर मातीचा असतो, त्यात आमचं दुखणं दिसत नाही. सामू (पीएच) आणि क्षारता तर येतेच, पण विनिमययोग्य सोडियमची टक्केवारी (ईएसपी), म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमचा वाटा, मुद्दाम मागा. सामू साडेआठच्या वर असेल तर सावध व्हा. पुस्तकात सोडियमची हद्द 15 टक्के दिलेली असते, पण आमच्यासारख्या फुगणाऱ्या मातीत 5-6 टक्क्यांपासूनच पाणी अडायला लागतं. क्षारता कमी आली म्हणून हुरळून जाऊ नका. आमची जमीन वरून पांढरी दिसत नाही, तरी ती आतून चोपणच, म्हणजे सोडियमनं बिघडलेली, आहे.

हे सगळं मी आधी केलं असतं तर आमचा एक तुकडा वाचला असता. बोअर घ्या, हरभरा दुप्पट होईल, असं बोअर मारणाऱ्यानं सांगितलं आणि आम्ही ऐकलं. पाणी भरपूर लागलं. त्याची तपासणी कुणीच केली नाही, आम्हीही नाही. दोन हिवाळे ते पाणी हरभऱ्याला दिलं. पहिल्या वर्षी पीक खरंच बरं आलं. तिसऱ्या पावसाळ्यात त्या तुकड्यात आठवडाभर पाणी उभं राहिलं, मूग पिवळा पडून गेला, आणि नंतर वखर घातला तर माती विटेसारखी निघाली. म्हणून बोअरचं पाणी देण्याआधी त्यातलं शिल्लक सोडियम कार्बोनेट (अहवालात आरएससी) तपासा. ते लिटरला 2.5 मिलिइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर ते पाणी जमिनीला देऊ नका.

असं वावर आधीच पदरात असेल तर ते सोडायचं कारण नाही. याच मातीत ओलीवर हरभरा असा येतो की पाहत राहावं. आम्ही त्या तुकड्यात उन्हाळ्यात एकरी एक टन जिप्सम पसरून वखरलं, त्यातलं कॅल्शियम मोकळं मिळतं आणि सोडियमला हटवतं. पावसानं ते विरघळून आत जावं म्हणून वावरात सऱ्या पाडल्या आणि खालच्या अंगाला चर काढला. पुढच्या पावसाळ्यात धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलावर यायच्या आत गाडला. जिप्समचं प्रमाण तुमच्या तपासणीवरून ठरवा, आमचं पाहून नाही. पेरणी रुंद वरंब्यावर करा, म्हणजे मुळं कोरड्यात राहतात आणि पाणी सरीतून वाहतं. ओल्यात ट्रॅक्टर घालूच नका. वाफसा पाहायला मूठभर मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. तो फुटून विखुरला तर वखर चालवा. नुसता चेपटला तर थांबा, मग शेजारी कितीही घाई करोत.

सिंचनाला शेततळं उत्तम. जी माती पाणी मुरू देत नाही, ती तळ्यात पाणी धरून ठेवते, आमच्या तळ्याला प्लास्टिकही लागलं नाही. ते पावसाचं गोड पाणी हरभऱ्याला घाटे भरताना तुषारनं एकदाच देतो. गढूळ असतं म्हणून गाळणी रोज धुवावी लागते.

चर काढायचा तर तो कुठे सोडायचा, हे मात्र व्यवहार ठरायच्या आधी पक्कं करा. वावर सपाट, नाला दूर आणि मध्ये दुसऱ्याची जमीन, असं इथे नेहमीचंच. मालक सांगेल ते ऐका, पण खालच्या अंगाच्या धुऱ्यावरच्या शेजाऱ्याकडेही जा आणि त्याला विचारा, श्रावणात या वावरातलं पाणी तुमच्याकडून कुठून जातं?